दुसरे इंजिन म्हणजे स्टेपनी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत सुखोई-३० एमकेआय या विमानावर आपण पानभर लेख छापलात, त्याबद्दल आधी आभार मानतो, कारण लढाऊ विमानांना मराठी वृत्तपत्रात एवढी जागा सहसा मिळत नाही. परंतु त्या लेखात विमानाच्या दुसऱ्या इंजिनाला ‘स्टेपनी’ म्हटले आहे, तेही एकदा नव्हे तर तीनदा, आणि त्यातले एकदा चौकटीच्या मथळ्यात. काल दिवसभर तो शब्द डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

मी इंजिन फिटर होतो आणि नोकरीची शेवटची अकरा वर्षे मी याच विमानाच्या इंजिनांवर काम केले. लेख माझ्या नातवाने मोठ्याने वाचून दाखवला आणि मधेच थांबून विचारले, “आजोबा, म्हणजे तुम्ही स्टेपनी दुरुस्त करायचात का?” त्या मुलाचा काही दोष नाही, त्याने छापलेले वाचले. मला मात्र त्या क्षणी काय उत्तर द्यावे ते सुचले नाही, आणि याचा मला अजून राग आहे.

स्टेपनी डिकीत पडून असते आणि चाक पंक्चर झाले तरच तिची आठवण होते. सुखोईची दोन्ही इंजिने विमान धावपट्टीवर येण्याआधीपासून ते परत जागेवर उभे राहीपर्यंत सारखीच राबतात. आफ्टरबर्नर (मागच्या झोतात जादा इंधन जाळण्याची सोय) लावल्यावर सुखोईचे एएल-३१एफपी हे एक इंजिन सुमारे १२,५०० किलो रेटा, म्हणजे पुढे ढकलणारा जोर, देते, म्हणजे दोन्ही मिळून २५ टन, आणि नेहमीच्या भारानिशी उडणारे हे विमान साधारण २६ टनांचे असते. रेटा वजनाच्या एवढा जवळ असतो म्हणूनच हे विमान आवळत्या वळणात लवकर दमत नाही आणि वळणात गेलेला वेग पुन्हा भरून काढते. हवाई वर्चस्वासाठी बांधलेल्या विमानाचे सारे मर्म यात आहे. एका इंजिनावर ते घरी परतू शकते. लढू शकते असे कोणी समजू नये.

मुळात दोन इंजिने का लागतात, हा प्रश्न लेखात यायला हवा होता. लांबचे पाहणारे रडार जड असते आणि त्याला मोठे नाक व भरपूर वीज लागते. तासन् तास आकाशात थांबायचे तर पोटात ९ टनांहून अधिक इंधन घ्यावे लागते. १२ जागी मिळून ८ टनांपर्यंत शस्त्रे टांगायची असतात आणि मागच्या जागेवर दुसरा माणूसही असतो. (ही मागची जागा लोकांना राष्ट्रपतींच्या उड्डाणांमुळे माहीत आहे. २००६ मध्ये डॉ. कलाम आणि २००९ मध्ये प्रतिभाताई पाटील लोहगावहून याच विमानातून उडाल्या होत्या. पण एरवी तिथे शस्त्रप्रणाली सांभाळणारा अधिकारी बसतो.) एवढे सगळे घेऊन चपळही राहायचे, तर एका इंजिनाने भागत नाही. अमेरिकेने एफ-१०० हेच इंजिन एफ-१६ मध्ये एक आणि एफ-१५ मध्ये दोन बसवले. मोठे रडार, जास्त इंधन आणि जास्त क्षेपणास्त्रे घेऊन आकाश राखण्याचे काम एफ-१५कडे होते, म्हणून त्याला दोन. १९७२ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या त्या विमानाला उत्तर म्हणून सोव्हिएत संघाने जे घडवले, त्या सुखोई-२७चा वंश आपल्या सुखोईपर्यंत येतो.

आपल्या विमानात आणखी एक गोष्ट आहे, जी स्टेपनीवाल्या लेखकाने निदान छायाचित्रात तरी पाहायला हवी होती. त्याच्या इंजिनांची झोत सोडणारी मागची दोन्ही तोंडे वळतात, प्रत्येक सुमारे १५ अंशांपर्यंत, आणि ती सरळ वर-खाली न वळता तिरप्या रेषेत वळतात. त्यामुळे दोन्ही एका दिशेने वळवली की नाक उचलते किंवा झुकते, आणि वेगवेगळ्या दिशांना वळवली की विमान कूस बदलते किंवा बाजूला फिरते. हे एका इंजिनाने साधत नाही. दोघांनी मिळून करायचे काम आहे ते. हवाई प्रदर्शनात विमान जागच्या जागी गिरकी घेते तेव्हा टाळ्या पडतात, त्या पडाव्यातही, पण त्या गिरकीत वेग फार खर्च होतो आणि वेग गमावलेले विमान प्रत्यक्ष लढाईत सोपे लक्ष्य होते, हेही वाचकांना सांगायला हवे. लेखात फक्त टाळ्या आहेत.

कमाल वेगावरून विमानांची क्रमवारी लावणारा लेखातला तक्ताही असाच फसवा आहे. वेग हाच निकष असता तर आपल्या हवाई दलातले सर्वांत थोर विमान मिग-२५ ठरले असते, कारण ते ध्वनीच्या अडीच पटींहून अधिक वेगाने जात असे. ते टेहळणीचे विमान होते, त्या कामात त्याला तोड नव्हती आणि २००६ मध्ये ते निवृत्त झाले. पण समोरासमोरच्या लढाईत त्याला वळवायला कोणी पाठवले नसते.

आता ज्या गोष्टीसाठी हात लिहायला शिवशिवत होता ती सांगतो. तळाचे नाव लिहीत नाही. एका सकाळी आमचे एक विमान उडाले आणि काही मिनिटांत उजवे इंजिन बंद केल्याचा निरोप आला. जमिनीवर असताना या विमानाच्या हवा ओढणाऱ्या तोंडात जाळी उभी राहते, खडे आत जाऊ नयेत म्हणून. चाके पोटात गेली की ती मिटते. पक्षी त्यानंतर आला. पोटात इंधन भरलेले असल्याने विमानाला लगेच उतरता येईना, म्हणून ते हलके होईपर्यंत तळाभोवती फिरत राहिले आणि आम्ही खाली उभे होतो. दोन इंजिनांचा आवाज एकमेकांत मिसळून एकसंध येतो. त्या दिवशी तो एका अंगाने लंगडत येत होता. ते उतरले. वैमानिकाने नोंदवहीत सही केली, हात धुतले आणि पुन्हा येऊन डाव्या इंजिनाखाली बराच वेळ उभे राहिले. ते मला एवढेच म्हणाले, “याला आज दोघांचे काम करावे लागले.” दुसरे इंजिन राखीव होते, असे त्यांच्या बोलण्यात कुठेही नव्हते.

उजवे इंजिन आम्ही काढले. पुढच्या पात्यांपैकी तीन वाकली होती, आणि त्यांच्या बुडाशी अडकलेली पिसे मी चिमट्याने एकेक करून वेचली, कारण पक्षी कोणता होता ते कळण्यासाठी ती पिशवीत बंद करून तपासणीला पाठवायची होती. मग डाव्या इंजिनात बोअरस्कोप (आतले पाहायची बारीक दुर्बीण) घालून पातेन् पाते पाहिले, कारण शेजारचा एखादा तुकडा त्यात गेला नाही ना, याची खात्री हवी होती. सुखोईच्या दोन इंजिनांमध्ये रुंद मोकळी जागा आहे, त्यामुळे एकाचे दुखणे दुसऱ्याला सहजासहजी लागत नाही, आणि ते तसे लागलेही नव्हते. दोन इंजिनांचे विमान सांभाळणे म्हणजे सगळे काम दुप्पट, हे मान्यच आहे, आणि त्याबद्दल लेखकाने तक्रार केली असती तर मी सही केली असती. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने याच विमानांसाठी २४० नवी इंजिने ओडिशातील कोरापूट येथील कारखान्यात बनवून घेण्याचा २६,००० कोटी रुपयांहून अधिक किमतीचा करार केला. डिकीत पडून राहणाऱ्या वस्तूवर कोणी एवढा खर्च करीत नाही.

लेखासोबतच्या छायाचित्राबद्दलही बोलणे भाग आहे. त्याखाली ‘सुखोई’ छापले आहे आणि चित्र मिग-२९चे आहे. सुखोई-३० एमकेआयला मुख्य पंखांच्या पुढे दोन छोटे पंख असतात, आणि दोन इंजिनांच्या मधून मागे एक लांब दांडा निघालेला दिसतो. आपल्या चित्रात या दोन्हींपैकी काहीच नाही. नाशिकजवळ ओझरला ही विमाने वर्षानुवर्षे बांधली गेली आहेत, आणि तिथल्या कामगारांच्या घरीही आपले वृत्तपत्र जात असणार.

विनंती एवढीच आहे की येत्या रविवारी त्याच पानावर, आणि मथळा होता तेवढ्याच ठळक अक्षरात, ‘स्टेपनी’ हा शब्द मागे घ्यावा आणि योग्य छायाचित्र छापावे. नातवाला ते पान मीच वाचून दाखवणार आहे.

आपला,
एक निवृत्त इंजिन फिटर