चि.सौ.कां.च्या टिंबांत अडकलेली स्क्रिप्ट : एका ताईंना आभार पत्र

ताई, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हीच त्या दिवशी बजावलं होतं की काका माझं नाव कुठं टाकू नका, फ्लेक्सवर तर अजिबातच नको. म्हणून नुसतं ताई. बार्शीत माझं पत्रिका-फ्लेक्सचं छोटं दुकान आहे, तुम्ही तुळशीचं लग्न झाल्या झाल्या वडिलांबरोबर स्वतःच्या लग्नाची पत्रिका छापायला आला होतात आणि दीड तास बसून माझ्या पुढच्या मशीनवर आलेली फाइल कुठल्या व्हर्जनची ते सांगणारी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहून दिलीत. त्याचे आभार तेव्हा नीट मानलेच नाहीत, चहा पाजला तेवढाच, तोही गार झालेला. सीझन संपत आलाय, आता जरा बसायला वेळ मिळालाय तर लिहितोय.

आधी बाकीच्यांना प्रकरण काय होतं ते सांगतो, कारण आमच्या लाईनचे लोक वाचतील त्यांना लगेच कळेल. दुकानात दोन मशीन. पुढच्या मशीनवर पत्रिका डिझाइन करायचं सॉफ्टवेअर कोरल ड्रॉ एक्स थ्री, 2006 सालचं, विकत घेतलेलं, डबा अजून कपाटात आहे. मागच्यावर एक्स सेव्हन, 2014 चं. आता नवीन व्हर्जनमध्ये सेव्ह केलेली फाइल जुन्यात उघडत नाही हे सगळ्यांना माहितीये, पण आलेली फाइल कुठल्या व्हर्जनची आहे हे बाहेरून कळत नाही ना! सगळ्यांचं शेपूट डॉट सीडीआरच, आयकॉन तोच, राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघितल्या तर तारीख आणि साईज. मग काय, पुढच्या मशीनवर डबल क्लिक करायचं, नाही उघडली की पेनड्राईव्हवर घेऊन मागे जायचं, तिथं पण नाही उघडली की गिऱ्हाइकाला फोन, साहेब फाइल कशात केलीये, तर उत्तर येतं "कोरलमध्ये". अहो कोरलमध्येच केलीये, पण कुठल्या? "ते पोराला माहीत, पोरगं पुण्याला असतं". असं सीझनमध्ये दिवसाला दहा-बारा वेळा. त्यात व्हॉट्सॲपवरून आलेल्या फायली कधी कधी अर्धवटच उतरलेल्या असतात, त्या पण उघडत नाहीत, म्हणजे व्हर्जनचा दोष का उतरवण्याचा ते पण समजायचं नाही.

तुमची फाइल तुमच्या मावसभावाने केलेली, आणि ती दोन्ही मशीनवर उघडली नाही. मी नेहमीसारखा फोन लावायला घेतला तर तुम्ही म्हणालात थांबा काका, फाइललाच विचारू. मला वाटलं चेष्टा करताय.

मग तुम्ही माझी एक जुनी फाइल नोटपॅडमध्ये उघडलीत. मी म्हणलं ताई हँग होईल मशीन, आणि झालंच जरा, पण मग ती कचऱ्यासारखी अक्षरं आली आणि तुम्ही पहिल्या ओळीवर बोट ठेवलंत. सुरुवातीला स्पष्ट लिहिलेलं, आर आय एफ एफ. मग चार विचित्र चिन्हं. मग सी डी आर आणि पुढे डी. वीस वर्षं या फायलींवर पोट भरतोय आणि फाइल पहिल्या बारा अक्षरांत आपलं नाव-गाव सांगते हे मला माहीत नव्हतं, खोटं कशाला बोलू.

तो शेवटचा डी म्हणजे तेरा हे तुम्ही बोटांवर मोजून दाखवलंत. नवव्या व्हर्जनपर्यंत तिथं सरळ आकडा असतो, पण जागा एकाच अक्षराची, दहा कुठं मावणार, म्हणून दहाला ए, अकराला बी, बाराला सी, तेराला डी. आणि तेरा म्हणजेच एक्स थ्री, कारण एक्स म्हणजे रोमन दहा! हे ऐकून मी आणि आमचा ऑपरेटर एकमेकांकडे बघत बसलो. इतकी वर्षं एक्स थ्री एक्स थ्री करतोय, आम्हाला वाटायचं एक्स म्हणजे काहीतरी एक्स्ट्रा. मग एक्स फोर ई, एक्स फाइव्ह एफ, एक्स सिक्स जी, एक्स सेव्हन एच, एक्स एट आय. ही यादी आता मॉनिटरच्या कडेला चिकटवलीये, लग्नाच्या जाड कार्डावर छापून, सोनेरी शाईत, कारण तेच कार्ड उरलं होतं.

मग तुमची फाइल उघडली नोटपॅडमध्ये तर तिथं आर आय एफ एफ नाहीच, नुसतं पी के. मी म्हणलं झालं, खराब आहे. तुम्ही हसलात आणि म्हणालात खराब नाही काका, ही झिप आहे, बऱ्याच फायली दाबून एकात भरलेली. एक्स फोरपासून, म्हणजे 2008 पासून, कोरलची फाइल ही खरं तर झिपची पेटी असते आणि पी के ही झिप काढणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं, 1989 पासून प्रत्येक झिपच्या कपाळावर असतात. तुम्ही फाइलची एक कॉपी केलीत, शेपूट बदलून डॉट झिप केलंत आणि ती उघडली की! आत कंटेंट नावाचं फोल्डर, मेटाडेटा नावाचं फोल्डर, आणि एक बारकं थंबनेल, ज्यात गणपती आणि तुम्हा दोघांची नावं दिसत होती. कोरल न उघडता पत्रिका दिसली. वडील तुमचे म्हणाले "छान आहे, हेच छापा", त्यांना वाटलं काम झालं.

कंटेंटच्या आत जी मुख्य फाइल असते तिच्या सुरुवातीला परत तेच आर आय एफ एफ आणि सी डी आर, आणि तुमच्या फाइलीत पुढे आय. म्हणजे अठरा, एक्स एट. दोन्ही मशीनच्या वरची, उघडणार कशी. तुम्ही भावाला फोन लावून एकाच वाक्यात सांगितलंत, सेव्ह ॲज करताना व्हर्जन तेरा निवड आणि त्याआधी टेक्स्ट कर्व्ह कर (म्हणजे अक्षरांचं चित्र). दहा मिनिटांत फाइल आली आणि उघडली. एवढ्यावर तुम्ही गेला असतात तरी मी खूश होतो.

पण तुम्ही विचारलंत, अशा फायली रोज किती येतात? आणि आकडा ऐकून खुर्ची ओढून बसलात. पायथन, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर, टाकायला घेतलंत तर पहिलं बसेचना, कारण पुढच्या मशीनवर विंडोज सेव्हन आणि त्यावर पायथन 3.8 च्या पुढचं चालत नाही, ते शोधण्यात पंधरा मिनिटं गेली आणि मध्येच लाईट गेली, इन्व्हर्टरवर नेट हळू. मी दोनदा म्हणलं राहू द्या ताई. तुम्ही ऐकलं नाहीत.

स्क्रिप्ट तरी केवढी, वीस-पंचवीस ओळी. फोल्डरमधली एकेक सीडीआर घ्यायची, पहिली बारा बाईट वाचायची, आर आय एफ एफ असेल तर बारावं अक्षर बघून व्हर्जन लिहायचं, पी के असेल तर झिप उघडून आतल्या फाइलची बारा बाईट वाचायची, दोन्ही नसेल तर "कोरल नाही" म्हणायचं. पूर्ण फाइल वाचतच नाही म्हणून दोनशे एमबीची फ्लेक्स असू दे नाहीतर दोनशे केबीचं व्हिजिटिंग कार्ड, वेळ तेवढाच, म्हणजे लागतच नाही. आणि एक शहाणपणाची गोष्ट तुम्ही न सांगता घातलीत, ती चार विचित्र चिन्हं. ती म्हणजे फाइलची साईज लिहिलेली असते, ती आणि खरी साईज ताडून बघायची, खरी बरीच कमी निघाली तर फाइल अर्धवट उतरलीये. झिपवाल्या फायलीत तर आतल्या सामानाची यादी पेटीच्या शेवटी असते म्हणून अर्धवट झिप उघडतच नाही, तिथं सरळ "परत मागवा" असं येतं. या दोन शब्दांनी माझे किती फोन वाचलेत सांगू शकत नाही. आधी मी लोकांना खालच्या व्हर्जनला करा म्हणून पिडायचो आणि बिचारे करून पाठवायचे, परत नेट गंडायचं, परत अर्धवट, आणि दोघंही एकमेकांना मनात शिव्या द्यायचो.

आता ती टिंबांची गोष्ट. ही सांगितल्याशिवाय आभार पूर्ण होत नाहीत, रागावू नका.

पहिल्यांदा स्क्रिप्ट चालवली तेव्हा फ्लेक्सच्या सगळ्या फायली यादीत आल्या, भावी नगरसेवक आले, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा आल्या, दहावा-तेरावा आला, पण पत्रिका एकही नाही! फोल्डरमध्ये शंभरावर पत्रिका आणि यादीत शून्य. तुम्ही पाच मिनिटं डोकं धरून बसलात, मग एकदम जोरात हसलात. स्क्रिप्ट फाइलच्या नावात पहिलं टिंब शोधून त्याच्या पुढचं शेपूट मानत होती, आणि आमच्या पत्रिकांची नावं कशी, चि. अमुक टिंब चि टिंब सौ टिंब कां टिंब तमुक टिंब सीडीआर. पहिल्या टिंबानंतर सीडीआर कुठनं येणार, तिथं नवरदेवाचं नाव! फ्लेक्सवाल्यांच्या नावात टिंब नाही म्हणून ते सुटले. तुम्ही पहिल्याऐवजी शेवटचं टिंब धरलंत आणि सगळी वऱ्हाडं यादीत आली. तुमच्या ऑफिसात अशी चूक कुणी पकडली असती का, तिथं फायलींना चि.सौ.कां. लावत नसतील.

मग मराठी नावं स्क्रिप्ट चालते त्या काळ्या खिडकीत चौकोन चौकोन दिसायला लागली, तर तुम्ही यादी एक्सेलला उघडेल अशा फाइलमध्ये काढलीत, युटीएफ आठ की काय ते सांगून, आणि श्री. सौ. सगळं नीट दिसलं. त्यातलं मला कळलं एवढंच की ती ओळ पुसायची नाही, म्हणून तिच्या वर "हात लावू नये" असं मराठीत लिहून ठेवलंय.

तुम्ही गेल्यावर एक गोंधळ आम्ही स्वतः केला. एक गिऱ्हाईक भांडायला लागलं की माझ्याकडे नवीन कोरल आहे, तुमची यादी तेरा कशी दाखवते, खोटी आहे. मग डोक्यात प्रकाश पडला, तुमच्या भावाने पण एक्स एटमधूनच तेरा करून दिली होती की! म्हणजे फाइल कुठल्या सॉफ्टवेअरात बनवली ते स्क्रिप्ट सांगत नाही, शेवटी कुठल्या व्हर्जनला सेव्ह केली ते सांगते. आपल्याला तेवढंच पाहिजे. पण ज्यांची खाली उतरवलेली असते त्यांची सावली, ट्रान्सपरन्सी एकदा डोळ्याखालून घालतो. कर्व्ह केलेली असेल तर मुहूर्त आधी वाचून घेतो, कारण कर्व्ह झालं की अक्षर अक्षर राहत नाही, चित्र होतं, बारा एकतीसचं बारा एक्केचाळीस करायचं म्हणजे ती ओळ पुन्हा नव्यानं जुळवावी लागते.

आता रोज सकाळी दुकान उघडलं, अगरबत्ती लावली की ऑपरेटर पहिली स्क्रिप्ट चालवतो. तेरापर्यंतच्या पुढच्या मशीनला, चौदा ते सतरा मागच्या मशीनला, अठरा आणि वरच्यांना एक ठरलेला मेसेज, "फाइल चांगली आहे, फक्त सेव्ह ॲजमध्ये व्हर्जन 13 करून पाठवा, टेक्स्ट कर्व्ह करा". फाइल चांगली आहे हे आधी लिहायचं हे पण तुमच्याकडनंच शिकलो, तुम्ही भावाला तसंच म्हणाला होतात. लोक चिडत नाहीत.

आणि मागच्या आठवड्यात जरा मोकळा वेळ होता तर वडिलांच्या वेळच्या सीड्या काढल्या. वडिलांनी खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवण्यापासून सुरुवात केलेली, कॉम्प्युटर उशिरा घेतला, पण प्रत्येक काम सीडीवर टाकून वर पेनने साल लिहायचे. काही सीड्या वाचल्याच नाहीत, बुरशी. ज्या वाचल्या त्यांवर स्क्रिप्ट चालवली तर आठ आणि नऊचा नुसता पाऊस, मध्ये मध्ये सात. बाराव्या अक्षराला नुसता आकडा, ए बी सी काही नाही. आमच्या फायली धरून सातपासून तेरापर्यंत सगळं क्रमानं लागलेलं बघून ऑपरेटर म्हणाला, मालक ही तर दुकानाची वंशावळ झाली. त्या फायली एक्स थ्रीत उघडून बघतोय रोज दोन-चार, फॉन्ट नसल्यामुळे निम्म्या ठिकाणी अक्षरं वेडीवाकडी येतात, पण बॉर्डर, कलश, तोरण सगळं शाबूत आहे, आणि वडिलांनी माऊसने काढलेला एक गणपती सापडलाय तो पुढच्या सीझनच्या पत्रिकेवर घेणार आहे.

पैशाचं तुम्ही काही ऐकून घेतलं नाहीत, उलट छपाईचे पूर्ण पैसे टेबलावर ठेवून गेलात, सूट पण नको म्हणालात. म्हणून तुम्हाला न विचारता पंचवीस पत्रिका जास्तीच्या टाकल्या होत्या गठ्ठ्यात, मोजल्या असतील तर कळलं असेल.

एक विचारायचं राहिलं. यादीत तुमची पत्रिका दोनदा दिसते, एक आयवाली आणि एक डीवाली, तुमच्या भावाने पाठवलेल्या दोन्ही. आमच्या नियमानं छापून झाल्यावर वरच्या व्हर्जनची उडवतो, पण तिच्यात टेक्स्ट अजून टाईप करता येईल असं जिवंत आहे, डीवालीत कर्व्ह झालंय. आयवाली ठेवू का उडवू, तेवढं कळवा.