छंदांच्या यादीत वहीलाही जागा द्यावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत फावल्या वेळच्या छंदांविषयी अधूनमधून लेख येतात आणि ते मी आवर्जून वाचते. कोणता छंद कोणाला मानवेल, सुरुवातीला साहित्य काय लागेल, रोजच्या धबडग्यातून मनाला विसावा कसा मिळेल, हे सारे त्यांत नेमकेपणाने सांगितलेले असते. मात्र नव्याची नवलाई ओसरल्यावर तो छंद धरून कसा ठेवायचा, याविषयी त्या लेखांत क्वचितच काही सापडते. बहुतेकांचे छंद सुटतात ते नेमके याच टप्प्यावर. पहिल्या काही आठवड्यांत प्रत्येक बैठकीला काहीतरी नवे जमत असते. पुढे प्रगतीचा वेग मंदावतो, आपण जिथल्या तिथेच आहोत असे वाटू लागते आणि हौसेने आणलेले साहित्य हळूहळू माळ्यावर जाते. अशा वेळी उपयोगी पडणारी एक अगदी साधी गोष्ट म्हणजे छंदाची वही. काय केले, कशाने केले, कधी केले आणि कुठे बिघडले, एवढेच तारखेसह टिपून ठेवणारी ही वही छंदासाठी सांगितल्या जाणाऱ्या इतर साहित्याइतकीच आवश्यक आहे, असे माझे मत आहे आणि त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

विणकामाचे उदाहरण घ्या. स्वेटरची पहिली बाही उत्तम जमते. दुसरी हातात घेईपर्यंत मध्ये महिना जातो आणि तोवर पहिलीसाठी कोणत्या नंबरच्या सुया घेतल्या होत्या, मनगटापाशी किती टाके घातले होते, किती ओळींनंतर दोन्ही कडांना एकेक टाका वाढवला होता, यांतले काहीही आठवत नाही. मग तयार बाही मांडीवर पसरून बोटाने ओळी मोजत बसावे लागते, आणि लोकर गडद रंगाची असेल तर तेही धड जमत नाही. अखेर अंदाजपंचे विणलेली दुसरी बाही दोन बोटे लांब होते आणि तो स्वेटर पिशवीत जाऊन पडतो. सुरुवातीलाच थोडी लोकर खर्चून दहा सेंटिमीटरहून थोडा मोठा चौकोनी नमुना विणला असता, मधल्या दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी बसतात हे लिहून ठेवले असते आणि पुढे बाही विणताना चार आकडे टिपले असते, तर हा प्रसंग आला नसता. नमुना विणणे म्हणजे वेळेचा अपव्यय, असे मानणारे विणकर पुष्कळ आहेत. उसवण्यात त्यांचा किती वेळ जातो, याचा हिशेब मात्र ते मांडत नाहीत.

संग्रहाच्या छंदांत नोंदीचे महत्त्व याहून अधिक आहे, कारण तेथे नोंद हाच संग्रहाचा निम्मा भाग असतो. पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्याला पहिल्याच दिवशी शिकवले जाते, की पाकिटाचा तुकडा कोमट पाण्यात भिजत ठेवावा, डिंक सुटू द्यावा आणि मग तिकीट न ओढता त्याच्या मागचा कागद अलगद सोलून काढावा. हे सगळे करण्याआधी पाकीट नीट वाचावे, हे मात्र शिकवले जात नाही. शिक्क्यावरचे गाव, तारीख, पत्र कोठून कोठे निघाले, वाटेत आणखी कोणत्या टपाल कचेरीचा शिक्का बसला, ही माहिती थोडी तिकिटावर आणि बरीचशी पाकिटावर विखुरलेली असते. तिकीट कापून घेतले की तिचा दुवा कायमचा तुटतो. म्हणूनच अनुभवी संग्राहक जुने पाकीट सहसा अख्खेच जपतात. एकच चित्र आणि एकच दर्शनी मूल्य असलेली दोन तिकिटेही कडेच्या दातऱ्यांवरून वेगळी निघू शकतात. दोन सेंटिमीटर लांबीत किती छिद्रे बसतात, हे मोजणारी एक साधी पट्टी मिळते आणि त्या मोजणीतून पुष्कळदा छपाईतला फरक उलगडतो. हे मोजमाप आणि तिकीट कधी, कोणाकडून मिळाले ही माहिती त्याच्याशेजारी पेन्सिलने लिहिलेली नसेल, तर भरगच्च अल्बमसुद्धा नुसती चित्रांची वही होऊन राहतो. नाणी जमवणाऱ्यांविषयी एवढेच सांगते, की नाणे घासून चकचकीत करण्याचा मोह टाळावा. त्यावर वर्षानुवर्षे चढलेला रंग हीदेखील एक नोंदच असते आणि एकदा घासून गेली की ती परत येत नाही.

नोंदवहीची ताकद काय असते, हे समजून घ्यायचे तर जर्मनीतील देसाऊ गावच्या हाइनरिश श्वाबे यांचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. श्वाबे पेशाने औषधविक्रेते होते आणि आकाशनिरीक्षण हा त्यांचा छंद होता. बुधाच्या कक्षेच्या आत आणखी एखादा ग्रह असावा आणि तो सूर्यबिंबावरून सरकताना काळ्या ठिपक्यासारखा दिसावा, अशा आशेने त्यांनी 1826 सालापासून सूर्याचे नियमित निरीक्षण आरंभले. (हे वाचून कोणी दुर्बिणीतून सूर्याकडे पाहू नये, दुर्बिणीच्या पुढच्या टोकाला त्यासाठीच बनवलेला फिल्टर नसेल, तर क्षणार्धात डोळा कायमचा निकामी होतो.) सूर्यावरचे डाग आणि तो ग्रह यांत गफलत होऊ नये, म्हणून ते डागही टिपत गेले. ग्रह काही सापडला नाही. तसा ग्रह अस्तित्वातच नव्हता. पण सतरा वर्षांच्या नोंदी एकत्र मांडल्यावर त्यांच्या लक्षात आले, की सूर्यावरील डाग काही वर्षे वाढत जातात, मग ओसरतात आणि पुन्हा वाढू लागतात. 1843 साली त्यांनी हा कालावधी सुमारे दहा वर्षांचा असल्याचे मांडले. आज तो सरासरी अकरा वर्षांचा मानला जातो. 1857 साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले.

श्वाबे यांच्या तक्त्याची रचना प्रत्येक छंदिष्टाने पाहण्यासारखी आहे. वर्षभरात डागांचे किती गट दिसले, हा एक रकाना. एकही डाग नव्हता असे दिवस किती, हा दुसरा. आणि मुळात सूर्य पाहिला असे दिवस किती, हा तिसरा. 1828 साली त्यांनी 282 दिवस निरीक्षण केले, 225 गट मोजले आणि डागरहित दिवस एकही नव्हता. 1833 साली निरीक्षणाचे दिवस 267, म्हणजे जवळपास तितकेच, पण गट अवघे 33 आणि डागरहित दिवस तब्बल 139. तिसरा रकाना नसता तर 1833 साली ढगाळ हवेमुळे किंवा आळसामुळे गट कमी मोजले गेले असावेत, अशी शंका कोणीही घेतली असती. काही दिसले नाही हेही लिहायचे असते आणि आपण किती वेळा पाहिले हेही, ही गोष्ट पक्षीनिरीक्षकांपासून गळ टाकून तासन्‌तास बसणाऱ्यांपर्यंत सर्वांना लागू आहे. तासभर थांबून एकही पक्षी दिसला नाही, तर बहुतेक जण त्या दिवसाची नोंदच करत नाहीत. काही वर्षांनी पक्षी खरोखर कमी झाले की आपले जाणे कमी झाले, हे मग त्यांनाच सांगता येत नाही.

वही मालकापेक्षा अधिक जगते, हाही तिचा एक गुण. इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यातील रॉबर्ट मार्शम यांनी 1736 सालापासून वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली. झाडाला पहिले पान कधी फुटले, पहिले फूल कधी उमलले, कोणता पक्षी प्रथम कधी ऐकू आला, अशा त्या साध्या नोंदी होत्या. त्यांच्यामागे घराण्यातील पुढच्या पिढ्यांनी हे काम विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सुरू ठेवले आणि हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना आज त्या नोंदी उपयोगी पडत आहेत. मार्शम यांच्या मनात असले काही असण्याचे कारण नव्हते. त्यांना झाडांची आवड होती आणि तारीख लिहिण्याची सवय होती.

यावर कोणी म्हणेल, की आता वहीची गरज काय, फोन सगळे आपोआप टिपतो. तारीख, वेळ, ठिकाण टिपले जाते हे खरे, आणि ते सोयीचेही आहे. परंतु फोनमध्ये साठलेली हजारो छायाचित्रे आणि नोंद यांत मोठा फरक आहे. छायाचित्र काढणाऱ्याला छिद्रमान (भिंगातले छिद्र किती उघडे होते ते) आणि शटरचा वेग हे आकडे कॅमेरा लिहून देतो. त्याने तिथे तेच छिद्रमान का निवडले आणि परिणाम मनासारखा का आला नाही, हे कॅमेऱ्याला ठाऊक नसते. बुद्धिबळात प्रत्येक खेळी लिहून काढण्याची पद्धत फार जुनी आहे, परंतु हरलेल्या डावाचा कागद घेऊन चौदाव्या खेळीपाशी ‘इथे घोडा हलवायला नको होता, वजीर उघडा पडला’ असे स्वतःच्या हाताने समासात लिहिणाऱ्याचाच खेळ सुधारतो. संगणक योग्य खेळी क्षणात दाखवतो. ती पाहून मान डोलावली, तरी पुढच्या डावात तीच चूक पुन्हा होते, असाच बहुतेक हौशी खेळाडूंचा अनुभव असावा.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. छंद हा विरंगुळा आहे, त्यालाही हिशेब जोडला तर तो दुसरी नोकरी होऊन बसेल, असे काही जण म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे. सलग किती दिवस सराव केला, याची साखळी दाखवणारी आणि ती तुटली की डोळे वटारणारी ॲप्स पाहिली की मलाही तसेच वाटते. पुस्तक वाचणारा माणूस वर्षाअखेरीस आकडा गाठण्यासाठी मुद्दाम बारकी पुस्तके निवडू लागतो, तेव्हा वाचनाचा आनंद केव्हाच मागे पडलेला असतो. पण मी म्हणते ती वही गुण देत नाही आणि कोणाला दाखवायचीही नसते. तिच्यात तीन महिन्यांचा खंड पडला तर तो तसाच राहू द्यावा. पुढच्या पानावर नवी तारीख घालून पुन्हा सुरुवात करावी. स्वतःशी गुणगुणणाऱ्याने, संध्याकाळी सहज फेरफटका मारणाऱ्याने किंवा पत्त्यांचा डाव मांडून चार घटका हसणाऱ्याने माझ्या या सल्ल्याकडे खुशाल दुर्लक्ष करावे. जिथे हाताने काही घडवायचे, जमवायचे किंवा निरखायचे असते, त्या छंदांपुरतेच माझे म्हणणे आहे.

वही कशी असावी याचेही फार अवडंबर नको. सुंदर बांधणीची कोरी वही विकत घेतली की पहिले पान खराब होईल या धास्तीने ती कोरीच राहते. त्यापेक्षा शाळकरी वही बरी. शाईपेक्षा पेन्सिल चांगली, कारण ती पाण्याने पसरत नाही. बागकाम करणाऱ्याने बी पेरल्याचा दिवस, अंकुर दिसल्याचा दिवस आणि बियांच्या पाकिटावरचे नाव एवढे लिहिले तरी पुढच्या हंगामात त्याचे निम्मे प्रश्न सुटलेले असतात. चित्र काढणाऱ्याने कोणते दोन रंग मिसळून ती विशिष्ट छटा आली, हे लिहून शेजारी त्या रंगाचा एक फटकारा ओढून ठेवावा. लाकूडकाम करणाऱ्याने मापे लिहावीतच, पण कोणत्या सांध्याला फट राहिली हेही लिहावे. अशा नोंदीला दोन मिनिटे पुरतात. मात्र काम संपल्या संपल्याच ती करायला हवी. उद्या लिहू म्हणून ठेवलेली नोंद सहसा लिहिली जात नाही, आणि लिहिली तरी तिच्यात आठवणीपेक्षा कल्पनाच जास्त असते.

आणखी एक बाब सांगायला थोडी अप्रिय आहे, पण टाळता येण्यासारखी नाही. आयुष्यभर जमवलेला संग्रह मालकाच्या पश्चात घरच्यांच्या हाती पडतो, तेव्हा त्यांना त्यातले काही कळत नसते. कोणती वस्तू दुर्मीळ, कोणती सामान्य, कोणती एखाद्या मित्राने विश्वासाने सांभाळायला दिलेली, हे सांगणारे चार कागद नसतील, तर सगळा संग्रह एकगठ्ठा रद्दीत किंवा भंगारात जातो. यात घरच्यांना दोष देता येणार नाही. प्रत्येक संग्राहकाने वहीच्या पहिल्या दोन पानांवर संग्रहाची यादी करावी आणि आपल्यानंतर ती कोणाला दाखवून सल्ला घ्यावा, ते नाव त्याखाली लिहून ठेवावे.

आपल्याला माझी विनंती छोटीशीच आहे. यापुढे पुरवणीत एखाद्या छंदावर लेख छापाल, तेव्हा साहित्याच्या यादीखाली ‘काय लिहून ठेवावे’ अशी एक चौकट द्यावी आणि तिचा मजकूर तो छंद बरीच वर्षे जोपासलेल्या माणसाकडून घ्यावा. जमल्यास महिन्यातून एकदा एखाद्या वाचकाच्या वहीतील एका पानाचे छायाचित्र छापावे, आणि ते छापताना त्यातली खाडाखोड, चुकलेली मापे आणि समासातले शेरे जसेच्या तसे राहू द्यावेत. नवशिक्याला त्यांचाच सर्वांत जास्त उपयोग होईल.

आपली नम्र,
एक नियमित वाचक