खरखरीत आवाजात गाऊ पाहणाऱ्या मुलास

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज ऐकला आणि न विचारताच कळलं, बँडच्या सरावात घसा ताणला आहेस. ‘घसा एकदा फाटला की रॉकचा आवाज लागतो’ असं तुला कुणीतरी सांगितलंय, ते आधी डोक्यातून काढ. तू रॉक गातोस याला माझी ना नाही. जन्मभर ख्याल शिकवला तरी तो खरखरीत, तापलेला आवाज मलाही भिडतो. तुला तो हवा असेल तर नीट शीक, एवढंच माझं मागणं.

आपले स्वरतंतू जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरचे. तू मधल्या पट्टीत गातोस तेव्हा ते सेकंदाला दोनशेहून अधिक वेळा एकमेकांवर आपटतात, आणि रॉकमधल्या वरच्या सुरांना चारशेच्याही पुढे. त्यात तू घसा आवळून ओरडलास तर ते सुजणारच. रोज तसंच केलंस तर गाठी येतात. सूज आलेल्या घशातून निघणारी खरखर तुझ्या ताब्यात नसते. ती हवी तेव्हा येत नाही आणि नको तेव्हा जात नाही.

खरी गंमत या तंतूंच्या थोडं वर आहे. तिथे आणखी दोन पडदे असतात, त्यांना आभासी स्वरतंतू म्हणतात. एरवी ते बाजूला असतात, पण जड पोतं उचलताना आपण कुंथतो तेव्हा जवळ येतात. खालचा स्वर मोकळा ठेवून हे वरचे पडदे हलके जवळ आणले की ते थरथरतात आणि आवाजाला खर चढते. सायबेरियातल्या तुवा भागातले कंठगायक सप्तकभर खाली घुमणारा जो आवाज काढतात, त्यातही हेच पडदे खालच्या तंतूंच्या निम्म्या वेगाने हलत असतात. तानपुऱ्याच्या जवारीसारखंच आहे बघ. झणकार तारेखाली अडकवलेल्या दोऱ्यामुळे येतो, पण तार आधी सुरात लागलेली असावी लागते.

म्हणून रोज पहिल्यांदा षड्ज लाव, ‘आ’कारात, स्वच्छ. पेल्यात दोन बोटं पाणी घे, त्यात स्ट्रॉ बुडवून बुडबुडे काढत सूर खालीवर फिरव; घसा छान मोकळा होतो. मग मधल्याच पट्टीत, बोलण्याइतक्या आवाजात, त्या स्वरावर थोडी खर आण आणि परत साध्या स्वरावर ये. हे जाणं-येणं जमलं पाहिजे. जोर लावू नकोस, मोठं करायला माइक आहे. सुरुवातीला पाच मिनिटं पुष्कळ झाली. टोचलं, खाज आली, खोकला आला की तिथेच थांब.

सराव संपल्यावर वरचा एखादा सूर अगदी हळू लावून पाहा. तो फुटला किंवा नुसती हवा निघाली, तर त्या दिवशी पुन्हा गाऊ नकोस. बसलेल्या घशाने कुजबुजूही नकोस, त्यानेही ताण पडतो. घोगरेपणा दोन-तीन आठवडे टिकला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन दुर्बिणीने स्वरतंतू पाहून घे. सिगारेटचं तर नावच काढू नकोस.

मोठे रॉक गायकच बघ. हेवी मेटल गाणारा रॉनी जेम्स डिओ लहानपणी ट्रम्पेट वाजवायचा, दमसास तिथेच तयार झाला. ब्रायन जॉन्सन १९८० साली, आधीचा गायक बॉन स्कॉट याच्या निधनानंतर, एसी/डीसी या रॉक बँडमध्ये आला. २०१६ साली त्याला दौरा मध्येच सोडावा लागला तो कानांमुळे, घशामुळे नव्हे. आणि २०२४ साली, ७६व्या वर्षी, तो पुन्हा दौऱ्यावर गात होता. एरोस्मिथ बँडचा गायक स्टीव्हन टायलर यानेही अर्धशतक गाजवलं, पण सप्टेंबर २०२३ मधल्या एका कार्यक्रमात त्याच्या स्वरयंत्राला इजा झाली आणि पुढच्या वर्षी एरोस्मिथने दौरेच थांबवले. ती बातमी वाचून मला फार वाईट वाटलं होतं.

आता चार दिवस घशाला पूर्ण विश्रांती दे. बँडमधल्या मुलांना स्पष्ट सांग, आईने बजावलंय म्हणून. मग रेकॉर्डिंग पाठव: एकच ओळ, आधी साधी, मग खर चढवून, मग पुन्हा साधी. तिसऱ्यांदा गायलेली मी सगळ्यात लक्ष देऊन ऐकणार आहे.

तुझी,
आई