इलफर्डच्या त्या शववाहिनी चालकास

नमस्कार,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हीच म्हणाला होतात, मी गाडी चालवली, त्यात नाव कशाला. पत्र मराठीत आहे, तुम्हाला वाचता येणार नाही. इंग्रजीत ‘थँक यू’ म्हणून झालंय, पण त्याने माझं समाधान झालेलं नाही. शिवाय लंडनमध्ये राहणाऱ्या आपल्या माणसांनीही हे वाचावं असं वाटतं. तुम्हाला काय लिहिलंय ते भेटून सांगेन.

आई गेली तेव्हा बाबांचं एकच म्हणणं होतं, मी तिच्याजवळ बसून जाणार. आमच्या सांगलीत हे कुणाला मागावं लागत नाही. शववाहिनीत मधे तिरडी, दोन्ही बाजूंना बाकं, आणि घरची माणसं तिथेच बसतात. कुणी पायांवर हात ठेवून बसतं, कुणी चेहऱ्यावरची माशी हाकलतं. इथे काचेच्या काळ्या गाडीत पेटी एकटी पुढे आणि घरचे मागच्या लिमोझीनमध्ये. बाबा विचारत होते, “तिला परक्या गावात एकटीला कसं पाठवायचं?” याला काय उत्तर देणार?

ज्या कंपनीला आम्ही आधी फोन केला, तिथल्या बाईंनी अतिशय गोड आवाजात विम्याचा नियम सांगितला आणि त्याच गोड आवाजात पॅकेजं वाचून दाखवली. पांढऱ्या घोड्यांची बग्गी मिळेल. कबुतरं सोडता येतील. म्हाताऱ्या नवऱ्याला बायकोशेजारी बसता येणार नाही. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ दर गणपतीत स्टेजवरून ‘आपण सगळे एक कुटुंब’ असं भाषण करतात, त्यांनी “इथे असं चालत नाही, बाबांना जरा समजवा” असं सांगून फोन ठेवला. व्हॉट्सअ‍ॅपवर जोडलेले हात मात्र ढिगाने आले.

मग तुम्ही भेटलात. पुढे कागदांचं काय केलंत, कुणाशी बोललात, ते मी विचारलं नाही आणि इथे सांगतही बसत नाही. तुमच्याकडे पेटीशेजारी सीट असलेली एक गाडी होती. तुम्ही एवढंच विचारलंत, “त्यांना डोक्याकडे बसायचंय की पायांकडे?” त्या प्रश्नाला मी रडले. तोवर मी रडलेच नव्हते.

क्रिमेटोरियमच्या बाहेर आमच्या आधीच्यांचं आटोपायची वाट पाहताना तुम्ही शिलिबीअरची गोष्ट सांगितलीत. मी तुमची माफी मागत होते, आमच्या चालीरीतींचा तुम्हाला त्रास झाला म्हणून. तुम्ही म्हणालात, त्रास कसला, ही तर लंडनचीच जुनी गोष्ट आहे. या कामात येण्याआधी तुम्ही बस चालवत होतात, त्यामुळे हा माणूस तुम्हाला ठाऊक होता.

घरी आल्यावर मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं. झोप येत नव्हतीच. जॉर्ज शिलिबीअर, जन्म 1797, धंद्याने घोडागाड्या बांधणारा. पॅरिसमधली सार्वजनिक गाडी पाहून त्याने 4 जुलै 1829 रोजी पॅडिंग्टन ते बँक अशी लंडनमधली पहिली ऑम्निबस, म्हणजे घोड्यांची बस, सुरू केली. तीन घोडे, आत विसेक माणसं, आधी जागा राखून ठेवायची गरज नाही, रस्त्यात हात केला की चढायचं. धंदा इतका गाजला की प्रतिस्पर्धी आपल्या गाड्यांवर त्याचंच नाव रंगवू लागले. पुढे त्याने ग्रिनिचच्या मार्गावर गाड्या घातल्या, तिकडे आगगाडी आली आणि हा बुडाला. कर्जापायी तुरुंगातही जाऊन आला.

बाहेर पडून तो अंत्यविधीच्या व्यवसायात शिरला. त्या काळी लंडनमधली अंत्ययात्रा म्हणजे काळे घोडे, शहामृगाची पिसं, दारात दुःखी चेहऱ्याने उभी राहणारी भाड्याची माणसं. गरिबाला हे कुठून परवडायचं? एडविन चॅडविक या समाजसुधारकाने शहरांतल्या दफनविधींवरच्या 1843 च्या अहवालात लिहिलंय की पैसे जमेपर्यंत प्रेत त्याच एका खोलीत दिवसच्या दिवस पडून राहायचं, आणि घरचे तिथेच जेवायचे, झोपायचे. शिलिबीअरने काय केलं, तर पेटी आणि नातेवाईक एकाच गाडीत बसतील अशी गाडी बांधली. दोन गाड्यांचा खर्च एकीवर आला. पुढे अशा गाडीलाच लोक ‘शिलिबीअर’ म्हणू लागले. ज्याने शहराला बस दिली त्याचं नाव शववाहिनीला चिकटलं! 1866 मध्ये तो गेला. चिगवेलच्या सेंट मेरी चर्चमध्ये त्याच्या नावाची पाटी आहे; बस सुरू झाल्याला शंभर वर्षं झाली तेव्हा लंडनच्या बसवाल्यांनी ती लावली. त्याने हे कळवळ्यातून केलं की धंद्याच्या हिशोबातून, मला सांगता येणार नाही. बहुधा हिशोबच. पण सांगलीच्या शववाहिनीतली बाकं आणि त्याची गाडी यांत मला तरी काही फरक दिसत नाही. आणि त्याच्याच शहरात मला विम्याचा नियम ऐकवला गेला.

पण पत्र लिहायला बसले ते यासाठी नाही. बाबांनी पेटीवर हात ठेवला होता. निघाल्यावर पहिल्या वळणाच्या जरा आधी तुम्ही आवाज दिलात, “लेफ्ट टर्न नाऊ, सर.” मग गतिरोधक आला, त्याच्याआधी पुन्हा, “स्मॉल बम्प, सर.” त्यांचा हात घसरू नये म्हणून. मागून येणारे हॉर्न वाजवत होते, तुम्ही वेग वाढवला नाहीत. बाबांना तुमचं इंग्रजी निम्मं कळत नव्हतं, तरी तिसऱ्या-चौथ्या वळणापासून ते आईला सांगू लागले, “अगं, डावीकडे वळतोय हं.” “आता खड्डा आहे, सांभाळ.” अख्खा रस्ता असाच गेला. आयुष्यभर एसटीत तिला खिडकीशी बसवून ते हेच करायचे. तुम्हाला हे ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.

हे तुम्हाला कुणी शिकवलं असेल असं वाटत नाही, आणि बिलातही ते नव्हतं. स्टेजवर कुटुंबाच्या गप्पा मारणाऱ्यांपेक्षा वळण आधी सांगणारा माणूस मला आता जवळचा वाटतो. अशी माणसं सांगलीत आहेत, इलफर्डमध्ये आहेत, आणि वेळ आल्याशिवाय ती ओळखू येत नाहीत, ही पंचाईतच.

बाबा आता सांगलीला आहेत. त्यांनी तुमच्यासाठी हळद पाठवली आहे, चांगली किलोभर. सांगलीची हळद जगात एक नंबर, असं त्यांच्याकडून तुम्हाला मुद्दाम सांगायचं आहे. शुक्रवारी दुपारी तुमच्या ऑफिसात आणून देते. एवढ्या हळदीचं काय करायचं हा प्रश्न तुमच्या मिसेसना पडेल, म्हणून सोबत भाजीचा डबाही आणते.

तुमची ऋणी,
त्या दिवशी बाबांबरोबर आलेली मुलगी