मंदे, हुरा तोडायला निघालेत

चारकोप, कांदिवली

प्रिय मंदे,

दिवाळीपासून लिहीन लिहीन म्हणते आहे. आम्ही सगळे बरे. माझे गुडघे आहेत तसेच, ह्यांची साखर काबूत.

भिंतीपलीकडचा, खाडीकाठचा तो चिकाचा हुरा सोसायटीवाले तोडायला निघालेत गं.

पोरांचा चेंडू पलीकडे गेला. आमचा ओम्या भिंतीवरून उतरला आणि वाट काढायला त्यानं फांदी मोडली. चीक उडाला तो मनगटावर आणि थेट उजव्या डोळ्यात. किंचाळतच घरी आला. मी नळाखाली डोकं धरून डोळा धूत राहिले, मग रिक्षा करून डोळ्यांच्या दवाखान्यात. बुबुळाचा वरचा पापुद्रा सोलवटलाय म्हणाले, थेंब दिले. रात्रभर "आई, मला दिसेल ना?" एवढा मिशा फुटलेला पोरगा, पण माझा हात सोडेना. आता दिसतंय त्याला, देवाची कृपा. मनगटावरचे फोडही सुकले.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर एकच गलका. विषारी झाड आहे, मुळासकट काढा. एकानं तर पेटवून द्या म्हणून लिहिलं. अरे, हुऱ्याचा धूरसुद्धा डोळ्यांना बाधतो, सगळ्या बिल्डिंगचे डोळे सुजतील! मी लिहिलं, तोडू नका. तर मला म्हणतात, वहिनी, तुमच्याच मुलाचा डोळा जात होता ना? आता ह्यांना काय सांगू? तुला सांगावं लागणार नाही. तुझ्या आईनं आपल्याला हाताला धरून ते झाड दाखवलं होतं. पानं लाल होऊन गळतात तो हुरा, त्याची फांदी मोडायची नाही, चीक लागला तर डोळ्याला हात लावायचा नाही. एवढंच. आपण तिथेच वाढलो, आपल्याला कधी काही झालं नाही. (तू मात्र ती रुई आहे म्हणून माझ्याशी आठवडाभर अबोला धरलास. रुईची पानं केवढी जाड नि लव असलेली! अजून कबूल करत नाहीस ना?)

ओम्याला मी खाडीतली झाडं, तिवर आणि चिप्पी, दाखवली होती, हुरा तेवढा राहिला. चिखलातून वर आलेली तिवराची मुळं सगळ्यांना ठाऊक असतात. हुऱ्याला तशी उभी मुळं नसतात, तो काठाला, जमिनीच्या बाजूला असतो, म्हणून लोकांना तो खाडीचा वाटतच नाही. रानटी झुडूप वाढलंय म्हणतात. पण खाडीचं पाणी आणि आपली भिंत ह्यांच्यात आहे कोण दुसरं? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तू आमच्याकडे अडकली होतीस, आठव. आणि २०१८ पासून हायकोर्टाचा निकाल आहे, राज्यात कांदळवन, म्हणजे ही खाडीकाठची झाडं, तोडायला बंदी, भोवतीच्या पन्नास मीटरांतही हात लावायचा नाही. हे सांगितलं तर म्हणतात, वहिनी कायदा शिकवायला लागल्या.

मला राग कायद्याचा नाही येत, ह्याचा येतो की सुंदरबनात ह्याच झाडाच्या फुलांवरून मधमाश्या मध नेतात, ह्याच्या हलक्या लाकडाच्या काडेपेटीच्या काड्या होतात, आणि आपल्याकडे त्याला नावानं ओळखणारं माणूस उरलं नाही. पाटी लावा ना! 'चीक डोळ्यात गेल्यास लगेच भरपूर पाण्यानं धुवा, दवाखाना गाठा.' पोरांना एकदा नेऊन दाखवा. शेजारी कुत्रं चावरं असलं तर आपण पोरांना सांगतो, कुत्रं मारत नाही.

मागे तू भावोजींच्या पायांचा फोटो पाठवला होतास, तुमच्या तिकडे अमेरिकेत घरामागच्या दलदलीतल्या त्या पॉयझन सुमाकच्या झुडपानं आलेल्या फोडांचा. मी तेव्हाच म्हटलं, हा तर बिब्बा उतल्यासारखा दिसतोय! निघालंही तसंच. सुमाक, बिब्बा, काजू, आंबा, एकाच घराण्यातले. हुरा मात्र त्या चिकाच्या शेराच्या झुडपाच्या घराण्यातला. त्याचा चीक लागल्या लागल्या भाजतो, सुमाकचं तेल एक-दोन दिवसांनी अंगावर उठतं आणि कपड्यांना, कोयत्याला चिकटून राहतं. भावोजींची ती बागेतली पँट धुतलीस ना नीट? सुमाकचा पाला जाळू देऊ नकोस, तो धूर छातीत गेला तर भारी पडेल. पण त्याची पांढरी फळं थंडीत पाखरं खातात म्हणे, तेव्हा तुम्हीही त्याच्या वाटेला जाऊ नका.

नव्या नोकरीबद्दल अभिनंदन. ईशाची ॲडमिशन झाली का? तिला थंडीचं स्वेटर मी विणतेय, रंग कळव.

आता कामाचं. रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. चेअरमन म्हणजे आपला पक्या, तुझ्या आईच्या बालवाडीत नाक गळत बसायचा तो. माझं ऐकत नाही, बाईंचं ऐकेल. आईला फोनसमोर बसव, हुऱ्याबद्दल ती आपल्याला जे सांगायची तेच तिच्या आवाजात रेकॉर्ड कर, आणि पक्याचं नाव घेऊन बोलायला सांग. शनिवारी रात्रीपर्यंत पाठव. तुमची आमची वेळ उलटी, तेवढं ध्यानात ठेव.

तुझी,
शालू