संसार आणि तालीम

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं आणि लगेच उत्तर लिहायला बसलो. पोरं झोपलीत, उद्या तालीम नाही, त्यामुळे निवांत लिहितोय. ‘संसार सांभाळून नाटक उभं राहतं का रे?’ असं तू विचारलंयस. राहतं. पण घरापासून चोरून राहत नाही. मला सांगायचंय ते एवढंच, पण एका ओळीत सांगून तुझं समाधान व्हायचं नाही.

कविता चोरून लिहिता येते. कथाही येते. सगळे झोपल्यावर तासभर बसलं तरी चार ओळी पदरात पडतात आणि घरात कुणाला पत्ता लागत नाही. नाटकाला माणसं लागतात, तीही एकाच जागी, एकाच वेळी. आमच्या नाटकात पाच पात्रं आहेत आणि पाचही जण नोकरी करणारे. मग उरते ती संध्याकाळ. आणि संध्याकाळ तर घराची असते. मुलांचा अभ्यास, स्वयंपाक, आईची औषधं, दिवसभरात काय झालं ते एकमेकांना सांगणं, सगळं त्या तीन तासांत. मी तालमीला असतो तेव्हा माझ्या वाटचं हे सगळं दुसरं कुणीतरी करत असतं. आमच्याकडे ते तुझी वहिनी करते. तिला नोकरी आहे, शिवाय तिचा प्रबंध लिहायचा राहिलाय. म्हणजे एका घरात दोन माणसांना काहीतरी करून दाखवायचंय आणि संध्याकाळ एकच आहे.

संहितेचा पहिला खर्डा झाला तेव्हा नट शोधायच्या आधी मी तिच्याशी बोलायला बसलो. ही अक्कल मला वाचनातून आली. रशियन नट-दिग्दर्शक स्तानिस्लावस्की आणि नाटककार नेमिरोविच-दान्चेन्को यांची ती प्रसिद्ध भेट तुला आठवत असेल. जून 1897, मॉस्कोतलं एक उपाहारगृह. दुपारी दोनला बसले ते दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत बोलत राहिले, आणि त्या बोलण्यातून मॉस्को आर्ट थिएटर निघालं. आपण कॉलेजात ही गोष्ट ऐकायचो ती कलेच्या वेडाची गोष्ट म्हणून. आता वाचताना मला भलतंच दिसतं. स्तानिस्लावस्कीच्या घरात तेव्हा दोन लहान मुलं होती, बायको लिलिना स्वतः अभिनेत्री होती आणि त्याच्यामागे घराण्याच्या जर-कलाबतूच्या कारखान्याचं काम होतं. आणि अठरा तास ते नुसते स्वप्नं रंगवत नव्हते, कामाची वाटणी करत होते. साहित्याच्या बाबतीत शेवटचा नकार नेमिरोविचचा, सादरीकरणाच्या बाबतीत स्तानिस्लावस्कीचा. नकार कुणी कुठे द्यायचा, हे भांडण व्हायच्या आधी ठरलं!

अर्थात तो श्रीमंत माणूस. त्याचं घर चालवायला नोकरचाकर होते, आपल्याकडे आपणच आहोत. म्हणून त्याचं सगळं घेऊ नये. ही वाटणी मात्र मी घेतली. तालमीचे वार आणि संपायची वेळ यावर तुझ्या वहिनीचा नकार अंतिम. नाटकात काय ठेवायचं, काय कापायचं, यावर माझा. घरातल्या शिलकीला हात लावायचा असेल तर दोघांचाही होकार हवा, आणि तो आम्ही आत्तापर्यंत मागितलेला नाही. पाचही जण मिळून काढतो त्या वर्गणीत बसेल तेवढंच नेपथ्य. एक दरवाजा, एक खाट, दोन खुर्च्या. बदल्यात रविवारची सकाळ तिची. ती दार लावून प्रबंधाला बसते, तोवर घर माझं, आणि त्या वेळात मला नाटकाचा फोन आला तरी मी उचलत नाही. तिच्या सकाळीला धक्का लागला तर माझ्या संध्याकाळीवर मला काय हक्क?

आता कामाचं सांगतो, कारण तुला तेच हवं असणार. मी आख्खं नाटक छोट्या तुकड्यांत पाडलं. कुणी आत आलं किंवा कुणी बाहेर गेलं की तिथून नवा तुकडा. मग मोठ्या कागदावर तक्ता केला, आडवे तुकडे, उभी पात्रं, ज्याचं काम असेल तिथे फुली. तक्ता समोर ठेवल्यावर कळतं की पाचही जण एकत्र लागतात असे तुकडे मोजकेच आहेत. मग रोज सगळ्यांना बोलावून निम्म्यांना भिंतीला टेकवून का बसवायचं? आमच्यातल्या एकीचं बाळ अजून अंगावर पितं. तिचे तुकडे आम्ही आधी घेतो आणि ती तासाभरात घरी जाते. पूर्वी आपण ज्याला नाटकाचं वातावरण म्हणायचो, ते रात्री उशिरापर्यंत नुसतं बसणं, ते गेलं. मला त्याची हळहळ वाटत नाही. तासाभरासाठी आलेला नट पाठांतर करून येतो. घड्याळाकडे बघतो, पण तालीम संपल्यावर.

शेवटचा पंधरवडा मात्र असा भागणार नाही. सलग तालमी सुरू झाल्या की सगळे लागतात, मग प्रकाशाची तालीम, मग रंगीत तालीम, तिथे रात्री दहाला काय, अकरालाही सुटका नाही. तो पंधरवडा आम्ही प्रत्येकाच्या घरून आत्ताच मागून घेतलाय. मी स्वतः चार घरी जाऊन बोललो. एका घरी सासूबाईंनी विचारलं, “तारीख पुढे गेली तर?” मी सांगितलं, पुढे जाणार नाही, तयारी कमी पडली तर नाटक कापू. आणि मी ते करेन.

गेल्या आठवड्यात धाकट्याला ताप भरला, ती संध्याकाळ मी घरी राहिलो. तालीम थांबली नाही. साहाय्यक मुलीने दुसरा प्रवेश एकटीने बसवला आणि खाटेची दिशा बदलली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर नाटकातल्या आजारी वडिलांचा चेहरा पहिल्यांदाच पूर्ण दिसत होता. ती खाट आता तशीच राहणार.

थोरलीचं सांगायलाच हवं. नाटक दोन भावंडांचं आहे, म्हाताऱ्या वडिलांना कोण सांभाळणार यावरचं. भावाच्या कामाला नट मिळत नव्हता तोपर्यंत मी घरी ते संवाद मोठ्याने वाचायचो आणि बहिणीचे थोरली वाचायची. ती कंससुद्धा वाचते, त्याच सुरात. “कंसात, थांबते, कंस पूर्ण.” एकदा मध्येच वही खाली ठेवून म्हणाली, “बाबा, हा सारखं मला वेळ नाही म्हणतो, मग इतका वेळ बसून भांडतो कशाला?” मी गप्प झालो. त्या प्रवेशात काहीतरी खटकतंय एवढं मला कळत होतं, काय ते सापडत नव्हतं. आता भाऊ पूर्ण प्रवेशभर बसतच नाही. खांद्याला बॅग, एक हात दाराच्या कडीवर. संवाद एकही बदलला नाही, पण बहीण त्याला काही विचारते तेव्हा प्रत्येक वेळी वाटतं की हा आता जाईल. नाटक घराबाहेरच ठेवलं असतं तर हे मला कुणी सांगितलं असतं?

दमायला होतं, ते लपवत नाही. तालमीहून आल्यावर ओट्यापाशी उभं राहून भांडी घासताना पाय दुखतात. मॉस्कोजवळच्या पुश्किनोत एका कोठारात 1898च्या उन्हाळ्यात मॉस्को आर्ट थिएटरच्या तालमी व्हायच्या तेव्हा झाडलोट नि चहाची पाळी सगळ्यांना असायची, आणि पहिली पाळी स्तानिस्लावस्कीने स्वतः घेतली. त्याने पाणी न घालताच समोवार, म्हणजे चहाचं पाणी उकळायचं रशियन भांडं, तापत ठेवला, तो वितळला! मला हा माणूस त्यामुळे फार जवळचा वाटतो. आपल्या नाटकाची कामं आपणच करायची, घरचीही आपणच करायची. दोन्ही करणारा माणूस मला दिग्दर्शक म्हणून जास्त विश्वासाचा वाटतो.

आता माझं काम. प्रकाशयोजना तू करावीस अशी माझी फार इच्छा आहे. तुझ्याइतकी अंधाराची समज दुसऱ्या कुणाला नाही. पण मला लगेच हो म्हणू नकोस. आधी घरी बस, दोघं मिळून महिन्याचं गणित मांडा, मग कोणत्या दोन संध्याकाळी तुझ्या आहेत ते कळव. शेवटच्या पंधरवड्याचं वेगळं विचार. संहिता या पत्रासोबत आहे. जमणार नसेल तरी वाचून दुसऱ्या अंकाबद्दल सविस्तर लिही, वडील झोपल्यानंतरचा भाग अजून लांबतोय आणि कुठे कापू ते कळत नाहीये.

वहिनींना नमस्कार, पोरांना खूप प्रेम.

तुझा,
जुना मित्र