पाऊस मोजल्याशिवाय भूगोल नको : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

‘पर्जन्यछाया म्हणजे काय?’ असा प्रश्न पेपरात आला, तर मुले ‘डोंगराआडचा कमी पावसाचा प्रदेश’ अशा दोन ओळी बिनचूक लिहून मोकळी होतात. त्याच मुलांना विचारा, महाबळेश्वरला काल २१० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे नेमका किती? तिथे गाडी अडते. दोष मुलांचा नाही. मिलिमीटर ही साचलेल्या पाण्याची खोली आहे, हे त्यांना कुणी दाखवलेलेच नसते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरभर जागेत एक लिटर आणि हेक्टरभर रानात दहा हजार लिटर पाणी. एवढे हाताला लागले की महाबळेश्वर आणि तिथून जेमतेम तीसेक किलोमीटरवरची डोंगराआडची वाई यांच्या पावसातला कित्येक पटींचा फरक पाठ करावा लागत नाही.

म्हणून मागणी अशी : पाचवी ते दहावीच्या भूगोलात ज्या संज्ञा मोजता येतात, त्या मोजूनच शिकवाव्यात, असा आदेश काढा. नवे पुस्तक नको, नवा विषय तर नकोच.

सुरुवात पर्जन्यमापकापासून व्हावी. तो विकत घेण्याचीही गरज नाही. ११० मिमीच्या पीव्हीसी नळीचा ४० सेंमीचा तुकडा काटकोनात कापायचा, खालच्या तोंडाला टोपण सॉल्व्हंट सिमेंटने (पीव्हीसी नळ्या जोडायच्या चिकटद्रवाने) चिकटवायचे. टोपण आतून खोलगट असते, म्हणून तळाशी बांधकामाच्या सिमेंटचा पातळ थर ओतून तो सपाट करून घ्यायचा. नळीच्या भिंती सरळ असल्याने क्षेत्रफळाचा हिशेब करावा लागत नाही, आत साचलेल्या पाण्याची खोली म्हणजेच पाऊस. हवामान खात्याच्या पद्धतीत मापकाचे तोंड जमिनीपासून ३० सेंमीवर असते, तेव्हा नळी १० सेंमी जमिनीत राहील असा खड्डा घ्यायचा. जवळचे झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडायचे. गच्चीवर ठेवू नये, तिथे वारा थेंब उडवून नेतो आणि नोंद कमी येते.

चुका होतात त्या मोजताना. प्लॅस्टिकच्या फूटपट्टीचा शून्य तिच्या टोकाला नसतो, आधी चार-पाच मिलिमीटर कोरी जागा असते. ती पट्टी नळीत बुडवली की तेवढा पाऊस नोंदीत दररोज कमी लागतो. स्टीलची पट्टी घ्यावी, तीही शून्य टोकालाच आहे ना हे पाहून. वेळ सकाळी साडेआठ, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो. सोमवारी वाचलेला आकडा शनिवारपासूनचा असेल, तर तसेच लिहावे, दोनाने भागून दोन दिवसांत वाटू नये. आमच्या मते वहीतली ही एवढी शिस्त लागली तरी अर्धा भूगोल आला. मग बातमीतले शब्दही उलगडतात : दिवसाला २.५ मिमी किंवा अधिक पडला तर तो पावसाचा दिवस, ६४.५ पासून पुढे मुसळधार, २०४.५ किंवा त्याहून जास्त म्हणजे अतिवृष्टीची सर्वांत वरची पायरी.

दुसरी गोष्ट समोच्च रेषांची, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांची. माळीण (२०१४), तळिये (२०२१), इरशाळवाडी (२०२३) : तिन्ही ठिकाणी जुलैतल्या जोरदार पावसात डोंगरउतारावरच्या वस्त्यांवर दरडी कोसळल्या. उतार वाचता येणे ही डोंगराळ तालुक्यांतल्या मुलांची गरज आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर आणि शेजारच्या दोन रेषांत सहसा २० मीटरचा चढ. दोन रेषा एक मिलिमीटरवर असतील तर ५० मीटर चालताना २० मीटर चढायचे, म्हणजे सुमारे २२ अंशांचा उतार. त्याच रेषा अर्ध्या मिलिमीटरवर आल्या की तो ३९ अंशांच्या आसपास जातो. मुलांची नेहमीची गफलत अशी की रेषा दाट म्हणजे जागा उंच, असे ती धरून चालतात. दाट रेषा तीव्र उतार सांगतात, उंची आकड्यांवरून कळते.

या बाबतीत शाळाही एक घोळ घालतात. नकाशाची झेरॉक्स मोठी करून वाटतात आणि खाली १:५०,००० तसेच राहते. मोठ्या प्रतीवर ते अंकप्रमाण खोटे ठरते, खरे राहते ते फक्त रेषाप्रमाण, म्हणजे नकाशाखाली अंतरे दाखवणारी आखलेली पट्टी, कारण तेही नकाशाबरोबर ताणले जाते. परीक्षेत प्रमाणाचे तीन प्रकार लिहायला सांगतात, त्यापेक्षा हा एक प्रयोग करून घ्यावा.

किनाऱ्यावरच्या शाळांना भरती-ओहोटीचे साधन आयते आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा कोकणातला जुना हिशेब : चतुर्थीला ३, अष्टमीला ६, द्वादशीला ९. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि तो का होतो हे वेळापत्रकाशी ताडून पाहणे हाच धडा. उधाणाची सर्वांत मोठी भरती ऐन अमावास्या-पौर्णिमेला न येता बहुधा एक-दोन दिवसांनी येते, हेही मुलांना तिथेच दिसेल.

सांगली-कोल्हापूरकडच्या मुलांसाठी धरणाच्या पाण्याच्या बातम्यांतले क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) आणि टीएमसी (एक अब्ज घनफूट) घ्यावेत. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. एक लाख क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालला तर ८.६४ टीएमसी पाणी गेले. कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसीच्या घरात आहे, पुढचा भागाकार मुले करतील.

प्रत्यक्षात करायचे ते इतकेच. अंतर्गत मूल्यमापनातले काही गुण पावसाच्या नोंदवहीला द्या. वहीत खाडाखोड नसणे हा निकष मात्र नको, नाहीतर सप्टेंबरात एका बैठकीत जूनचे आकडे भरले जातील. वही खरी की नाही हे तपासायला शेजारच्या महसूल मंडळाचे (तालुक्यातल्या काही गावांच्या गटाचे) पावसाचे आकडे पुरे आहेत. लेखी परीक्षेत ‘व्याख्या लिहा’च्या जागी आठवडाभराची नोंद देऊन त्यावर प्रश्न विचारा. प्रत्येक शाळेला तिच्या तालुक्याचा स्थलनिर्देशक, म्हणजे वर सांगितलेला समोच्च रेषांचा, नकाशा मूळ आकारात छापून द्या. आणि आदेश एप्रिलमध्येच निघू द्या. शाळा १५ जूनच्या सुमारास उघडतात आणि तोवर कोकणात पाऊस सुरू झालेला असतो. नळी त्याआधी जमिनीत बसायला हवी.

आपले,
भूगोलाचे काही शिक्षक